दीर्घकालीन शुश्रूषा विमा : दाव्याची कसोटी आणि वृद्धांचा संकोच (अमेरिकेच्या संदर्भात)

प्रास्ताविक :
अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तेथे गेलेली मराठी डॉक्टर-अभियंत्यांची पहिली पिढी आज वार्धक्यात आहे. 'मेडिकेअर' ही तेथील ज्येष्ठांची शासकीय आरोग्य विमा योजना होय. ती रुग्णालय व डॉक्टर यांच्या खर्चाचा मोठा भाग देते. परंतु आंघोळ घालणे, भरवणे, सोबतीला थांबणे अशा दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च उचलत नाही. त्यासाठी खाजगी कंपन्यांचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे हप्ते भरल्यानंतर दाव्याची वेळ येते, तेव्हा विमाधारक स्वतः तो मांडण्याच्या स्थितीत बहुधा नसतो. हे काम मुलामुलींकडे येते. हा दावा कसा उभा राहतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दाव्याची कसोटी :
केवळ रोगाच्या नावावर हा दावा मंजूर होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. करसवलतीस पात्र पॉलिसींसाठीची कसोटी १९९६ च्या संघीय कायद्याने ठरवून दिली आहे. स्नान, कपडे घालणे, जेवणे, शौचास जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि पलंगावरून वा खुर्चीतून उठबस या सहा क्रियांपैकी किमान दोन क्रिया दुसऱ्याच्या भरीव मदतीवाचून होत नाहीत व ही स्थिती किमान ९० दिवस राहील, असे परवानाधारक आरोग्य व्यावसायिकाने प्रमाणित करावे लागते. अथवा बुद्धिभ्रंशासारख्या तीव्र ऱ्हासामुळे सुरक्षिततेसाठी देखरेख आवश्यक आहे, हे सिद्ध करावे लागते. 'संधिवात आहे' या प्रमाणपत्राने काम भागत नाही. 'कोणी धरल्याशिवाय न्हाणीघरात आत-बाहेर करता येत नाही' या वाक्याने भागते.

खरी अडचण येथेच उद्भवते. कंपनीतर्फे परिचारिका घरी पाहणीस येते. त्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून बसते, पाहुणीला चहाचे विचारते आणि 'माझे मी सगळे करते' असे सांगते. साडी लेकीने नेसवलेली असते, हे अहवालात येत नाही. परक्यापुढे आपले परावलंबन उघडे न करणे ही आपल्याकडची जुनी मर्यादा आहे. तिला खोटेपणा म्हणता येणार नाही. पण दावा मात्र तिच्यामुळे फेटाळला जाऊ शकतो. यास्तव पाहणीच्या वेळी रोजची मदत करणाऱ्या व्यक्तीने हजर राहावे. आधीचे काही आठवडे कोणत्या क्रियेस कोणी, कशी मदत केली, तसेच पडणे, औषध विसरणे, शेगडी चालू राहणे यांची तारीखवार नोंद ठेवावी. ही नोंद डॉक्टरांना व परिचारिकेला लेखी द्यावी. आईच्या देखत तिच्या असमर्थतेचा पाढा वाचू नये.

प्रतीक्षा काळ :
मंजुरी मिळाली तरी पैसे तत्काळ सुरू होत नाहीत. बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा काळ असतो, आणि तो कसा मोजायचा हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरते. ९० दिवस दिनदर्शिकेप्रमाणे मोजल्यास सुमारे १३ आठवडे होतात. परंतु केवळ सशुल्क सेवेचे दिवस धरल्यास, आठवड्यातून तीन दिवस मदतनीस येणाऱ्या घरात तेच ९० दिवस ३० आठवड्यांवर जातात. लेकीसुनांनी केलेली शुश्रूषा अनेक पॉलिसींत या हिशेबात धरली जात नाही. मदतनीस परवानाधारक संस्थेकडूनच हवी अशी अटही काही पॉलिसींत असते. म्हणून मदतनीस नेमण्यापूर्वी मूळ पॉलिसी तिच्या पुरवण्यांसह वाचावी.

अधिकारपत्रे व हप्ता :
लेखी संमतीवाचून कंपनी मुलांशीही बोलत नाही. मुखत्यारपत्र व वैद्यकीय माहिती देण्याची संमती आईवडिलांची समज शाबूत असतानाच करून घ्यावी लागते. त्याच वेळी, हप्ता थकल्यास सूचना मिळावी म्हणून घरातील आणखी एकाचे नाव कंपनीकडे नोंदवावे. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी हप्ता भरायचा राहून जातो आणि गरज लागते नेमकी तेव्हाच पॉलिसी बंद पडते. हप्ता या आजारामुळेच चुकला हे दाखवता आल्यास अनेक राज्यांत पाच महिन्यांच्या आत ती पूर्ववत करून घेता येते. तेव्हा वडिलांच्या टेबलावरची न उघडलेली पाकिटे अधूनमधून पाहिलेली बरी.