पैसे भरून खलाशी

अंटार्क्टिकाला पर्यटक म्हणून जाणाऱ्यांचा आकडा आता एका हंगामात लाखाच्या पुढे गेला आहे. त्यातले बहुतेक जण अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाजवळच्या उश्वाया बंदरातून निघतात. नोव्हेंबर ते मार्च तिथल्या धक्क्यावर क्रूझ बोटींची रीघ असते. आत लिफ्ट, ग्रंथालय, आणि काचेआडून हिमनग बघत कॉफी प्यायची सोय. या रांगेत अधूनमधून तीन डोलकाठ्यांचं एक शिडाचं जहाज लागलेलं दिसतं. लांबी ५६ मीटर, डेकवर जिकडे बघाल तिकडे दोर. नाव 'बार्क युरोपा', झेंडा नेदरलँड्सचा.

तिच्यावर जायचं तर तिकीट काढावंच लागतं, आणि ते अजिबात स्वस्त नाही. पण पैसे भरलेल्या माणसाला तिथे प्रवासी मानत नाहीत. त्याचं नाव पाळीच्या तक्त्यावर चढतं. रात्री ऐन झोपेत कोणीतरी येऊन उठवतं, बाहेर किती गारठा आहे आणि अंगावर काय काय चढवावं लागेल ते सांगतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी हा गृहस्थ उघड्या डेकवर सुकाणूपाशी उभा असतो. असे ४८ पाहुणे आणि त्यांना सांभाळणारे जेमतेम वीसेक पगारी खलाशी, अशी ही वसाहत बावीसेक दिवस एकत्र राहते. पैसे देऊन मजुरी करायची ही काय हौस, असं कोणालाही वाटेल. जहाजाची हकिगत कळली की या हौसेतलं मर्म थोडं कळतं.

युरोपाचा जन्म १९११ सालचा, हॅम्बुर्गचा. तेव्हा तिचं नाव होतं 'सिनेटर ब्रोकेस', आणि काम होतं दीपनौकेचं. एल्बे नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. तिथे दीपगृह बांधता येत नाही, म्हणून नांगर टाकून एक जहाजच उभं करायचं आणि त्याच्या डोलकाठीवर दिवा लावायचा. येणारी-जाणारी जहाजं त्या दिव्यावर वाट काढणार. वादळ आलं की बाकीची जहाजं आसरा शोधतात. दीपनौकेला जागा सोडता येत नाही. त्यामुळे तिचं पोलादी अंगही त्याच हिशेबानं दणकट बांधलेलं. सत्तरच्या दशकात ती निवृत्त झाली, १९८६ मध्ये एका डच माणसानं ती विकत घेतली, आणि आठ वर्षं खपून १९९४ साली ती शिडाचं जहाज होऊन बाहेर पडली. एका जागी उभं राहण्यासाठी बांधलेल्या या बोटीनं त्यानंतर पृथ्वीवरचा बहुतेक समुद्र पालथा घातला. १९११ सालीच हॅम्बुर्गमध्ये 'पेकिंग' नावाचं अजस्र मालवाहू शिडाचं जहाजही तयार झालं होतं. ते आज त्याच गावी संग्रहालय होऊन उभं आहे. धावायला जन्मलेलं थांबलं आणि थांबायला जन्मलेलं धावतंय.

'बार्क' म्हणजे काय ते ज्यांनी आपल्या नौदलाची 'आयएनएस तरंगिणी' पाहिली असेल त्यांना सांगायला नको. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आणि १९९७ साली नौदलात आलेली तरंगिणी याच घाटाची, लांबीलाही जवळपास एवढीच. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवे वासे आणि त्यांना लोंबणारी चौकोनी शिडं. मागच्या तिसऱ्या काठीवर उभी, होडीसारखी शिडं. चौकोनी शिडांना मागून किंवा बाजूनं वारा मिळाला की ती जहाजाला ओढत नेतात. समोरून वारा आला की मात्र पंचाईत. असं जहाज वाऱ्याच्या रोखाशी साठ-पासष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. वाऱ्याची दिशा बदलली की डोलकाठीवरचे सगळे वासे दोरांनी ओढून नव्या कोनात फिरवावे लागतात. हे काम बटण दाबून होत नाही. एका बाजूला पाच-सहा जण दोर ओढतात, दुसऱ्या बाजूला एखादा तेवढाच दोर जपून सोडत जातो. 'ओढ' म्हटलं की ओढायचं, 'थांब' म्हटलं की हात गोठवायचे. मग ओढलेला दोर कठड्यातल्या खुंटीला आठाच्या आकड्यासारखा गुंडाळायचा आणि उरलेला वेटोळं करून टांगून ठेवायचा. असे दोर शंभराहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली. काळोखात, भर पावसात, हातमोजे घालून नेमका तोच दोर सापडायला हवा. चुकीचा सुटला तर वर काहीतरी धाडकन खाली येतं. म्हणून पहिले दोन दिवस नवखी मंडळी कागद हातात घेऊन, ओठ हलवत, खुंट्यांपुढून फेऱ्या मारतात. त्यांत निवृत्त सर्जन असतात, शाळेतल्या बाई असतात, बँकेतले अधिकारी असतात. पूर्वानुभवाची अट नाही.

पाळ्या तीन: लाल, पांढरी, निळी. डच झेंड्याचेच रंग. एक पाळी कामावर तेव्हा दोन मोकळ्या. कामावरच्यांनी आळीपाळीनं दोन जागा धरायच्या, सुकाणू आणि नाळेवरचा पहारा. पहारा ऐकायला सोपा वाटतो. साठाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला गेलं की तो सगळ्यात जबाबदारीचा होतो. मोठा हिमनग रडारवर दिसतो, त्याची भीती नसते. भीती असते ती त्याच्यापासून तुटलेल्या, मोटारीएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक तुकड्याची. तो जेमतेम पाण्याबाहेर डोकावतो आणि लाटांच्या गर्दीत रडारला सापडत नाही. तो दिसतो फक्त माणसाच्या डोळ्याला, तेही डोळा जागा असेल तर. अशा वेळी नाळेवर एक शिक्षिका उभी असते आणि तिच्या भरवशावर बाकीच्या दोन पाळ्या खाली झोपलेल्या असतात.

आता ड्रेकच्या सामुद्रधुनीबद्दल. दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाच्या अलीकडची दक्षिण शेटलंड बेटं यांच्यामध्ये हा सुमारे ८०० किलोमीटरचा पाण्याचा पट्टा आहे. या अक्षांशावर पृथ्वीला प्रदक्षिणा घातली तर वाटेत कुठेही जमीन लागत नाही. पश्चिमेचा वारा आणि त्यानं उठवलेल्या लाटा अडवायला कोणी नाही, आणि ही सगळी वरात या फटीतून जाते. नाव इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचं असलं तरी इथून पहिलं जहाज नेलं ते १६१६ साली डचांनी. त्यांच्या होर्न गावावरूनच केप हॉर्न हे नाव पडलं. युरोपावरच्या डच खलाशांना याचा थोडा तोरा असतो, आणि तो त्यांना शोभतो.

दक्षिणेकडे जाताना वारा बाजूनं येतो, म्हणजे शिडांना सोयीचा. कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडून येताना पुढे वायव्येचा वारा घेऊन येतो आणि निघून जाताना मागे नैर्ऋत्येचा सोडून जातो. जाताना पहिला पकडायचा, येताना दुसरा. परतीच्या वेळी कप्तान अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या मेल्कियोर बेटांसारख्या आडोशाला हवामानाचे नकाशे बघत थांबतो ते यासाठी. इंजिनं दोन आहेत आणि बर्फातल्या अरुंद वाटांत ती चालवावीच लागतात. वारा पडला किंवा अगदी तोंडावर आला तर समुद्रातही. बावीस दिवस निव्वळ शिडांवर, असं चित्र डोळ्यांपुढे घेऊन जाणारे हिरमुसतात. मध्ये कुठेतरी एका दिवसात समुद्राच्या पाण्याचं तापमान पाचेक अंशांवरून दोनच्या खाली घसरतं, धुकं दाटतं, पक्षी बदलतात. नकाशावर न दिसणारी अंटार्क्टिकाची वेस ती हीच.

शिडं गुंडाळायला वर चढणं ऐच्छिक आहे. कमरेला पट्टा अडकवून वाऱ्याच्या बाजूनं चढायचं, म्हणजे वारा माणसाला दोरशिडीवर दाबून धरतो. पहिल्या माचीच्या खाली शिडी उलटी, बाहेरच्या अंगाला कलते. तिथे काही क्षण पाठ समुद्राकडे आणि सगळा भार हातांवर. पुढे वाश्यावर जायचं तर पाय ठेवायला खाली फक्त एक दोर. त्या दोरावर पाऊल टाकण्याआधी मोठ्यानं ओरडून सांगायचं, कारण तुमच्या वजनानं तो ताणला की आधी उभे असलेले सगळे वर-खाली होतात. मग पोट वाश्यावर टेकवून, ओलं जाड कापड मुठीमुठीनं वर ओढायचं आणि बांधायचं. खलाशांचा जुना नियम आहे, एक हात जहाजाचा आणि एक स्वतःचा. कापड गारठून कडक झालं की दोन्ही हात जहाजाचेच होतात, आणि तेव्हा कमरेचा पट्टा उपयोगी पडतो.

इथे एक शंका रास्त आहे. या ४८ जणांची खरोखर गरज असते का, की हा सगळा हौशी लोकांसाठी मांडलेला खेळ? उत्तर २०२० सालीच मिळालं. त्या मार्चमध्ये युरोपा उश्वायाला परतली तेव्हा साथीनं जग बंद होत होतं. पाहुणे उतरले, पुढच्या सफरी रद्द झाल्या, आणि नेहमीच्या चमूनंच जहाज अटलांटिक समुद्रातून थेट नेदरलँड्सला नेलं. जूनमध्ये ते घरी पोचलं. म्हणजे पाहुण्यांवाचून अडत नाही. अडतं ते पैशांवाचून: अशा जहाजाची रंगरंगोटी, दोर, शिडं, गोदी, पगार यांचा खर्च पाहुण्यांच्या तिकिटांतूनच निघतो. २०२३ साली केपटाऊनच्या गोदीत दुरुस्तीला घेतलेलं असताना जहाज कलंडलं, तेव्हा हा डोलारा किती नाजूक आहे ते दिसलं. त्यातून सावरून ते पुन्हा समुद्रात गेलं. तरीही मला हा खेळ खोटा वाटत नाही. सुकाणूवर पाहुणाच असतो, पहाऱ्यावर पाहुणाच असतो, आणि हिमतुकड्याला समोरचा माणूस पगारी की हौशी ते कळत नाही.

किनारा दिसतो तो असा चार-पाच दिवसांच्या जागरणानंतर. डिसेप्शन बेट हा पाण्यात बुडालेला ज्वालामुखी. घोड्याच्या नालेसारख्या कड्यात एकच अरुंद दार, त्या दाराच्या मधोमध पाण्याखाली दडलेला खडक, आणि आत काळ्या वाळूचा शांत उपसागर. तिथे नॉर्वेजियन लोकांनी १९१२ च्या सुमारास देवमाशांचं तेल काढायचा कारखाना टाकला होता. तेलाचे भाव कोसळल्यावर १९३१ मध्ये तो बंद पडला. १९६७ आणि १९६९ च्या उद्रेकांनी तिथली संशोधन केंद्रंही उठवली. गंजलेल्या टाक्या अजून आहेत. पुढे पोर्ट लॉकरॉयला ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली उभारलेलं ठाणं आहे. आता ते संग्रहालय आणि टपाल कार्यालय असून पायऱ्यांखाली पेंग्विन घरटी करतात. त्याच्या दक्षिणेला लेमेअरची खाडी, ११ किलोमीटर लांबीची, दोन्ही बाजूंनी सरळ उठलेले कडे. बर्फानं ती बुजलेली असेल तर जहाज मुकाट मागे फिरतं.

किनाऱ्यावर उतरण्याचे नियम क्रूझवाल्यांना आणि शिडाच्या जहाजाला सारखेच. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानं हा खंड लष्करी वापरापासून दूर ठेवला, १९९१ च्या माद्रिद पूरक करारानं तिथे खाणकामाला बंदी घातली. त्याच वर्षी पर्यटन चालवणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढून शिस्त लावून घेतली: एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त माणसं नकोत, पेंग्विनपासून पाच मीटर दूर. बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, खिशांतून आणि कपड्यांच्या शिवणींतून गवताचं बी वेचून काढायचं. पक्ष्यांचा फ्लू तिकडे पोचू लागल्यापासून जमिनीवर बसायलाही मनाई आहे. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला तर कोणाला उतरवताच येत नाही. युरोपाची सगळी माणसं मिळूनही शंभर भरत नाहीत, त्यामुळे इथे कोणाला रांगेत ताटकळावं लागत नाही.

आपल्याकडच्या दर्यावर्दींना हे पाणी अनोळखी नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती. गोव्यातच दिवार बेटावर बांधलेली 'म्हादेई' ५६ फुटांची होती. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि केप हॉर्नला वळसा घातला. ते धाडस लाखात एखाद्याचं. ५६ मीटरच्या युरोपावर मात्र पन्नाशीतला, होडीत कधी पाय न ठेवलेला माणूसही त्याच लाटांत अर्धा तास सुकाणू धरू शकतो, आणि चुकला तर शेजारी उभा असलेला खलाशी चाक दुरुस्त करतो.

फोटो आणि पेंग्विन एवढंच हवं असेल त्यांनी सरळ क्रूझ बोट घ्यावी. दोन दिवसांत पोचाल, किनाऱ्यावर जास्त वेळ मिळेल, झोपही होईल. युरोपावर बावीसपैकी कितीतरी दिवस नुसता समुद्र असतो, खोलीत दोन ते सहा माणसं असतात, आणि अंगावरचे कपडे पूर्ण असे सुकतच नाहीत. हे वाचून ज्याला उलट हुरूप आला असेल त्यानं दोन गोष्टी कराव्यात. उश्वायालाच परत उतरायचं असेल तर अर्जेंटिनाचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते आधी बघावं. आणि समुद्र लागू नये म्हणून घ्यायची गोळी उश्वायालगतच्या बीगल खाडीच्या शांत पाण्यातच घ्यावी. ड्रेकमध्ये शिरल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.