नेदरलँड्सच्या पालकांनी रस्ते कसे बदलून घेतले

नेदरलँड्स म्हटलं की ट्यूलिपची फुलं आणि सायकली आठवतात. पण मधल्या काळात तिथेही सायकल मागे पडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हातात पैसा आला, मोटारी वाढल्या, रस्त्यांसाठी घरं पाडली जाऊ लागली. १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. आणि तेव्हा देशाची लोकसंख्या होती जेमतेम सव्वा कोटीच्या वर!

फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. त्यांनी लेख लिहिला, शीर्षक दिलं 'बालहत्या थांबवा'. पुढे याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. मार्त्ये फान पुटन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष झाली.

मला विचाराल तर निम्मं काम या नावानेच केलं. 'सायकलमार्ग द्या' म्हटलं असतं, तर ही हौशी लोकांची मागणी म्हणून कुणीही बाजूला सारली असती. 'मुलं मरतायत' म्हटल्यावर नगरसेवकाला नाही म्हणणं जड जातं. पालकांनी गल्ल्या दिवसभर बंद करून मुलांना खेळायला मोकळ्या केल्या. गाडी नसली की रस्ता कसा दिसतो, ते शेजाऱ्यांना घरबसल्या कळलं. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारनेच रविवारी मोटारी बंद ठेवल्या, ती संधीही पथ्यावर पडली.

१९७५ मध्ये सायकलस्वारांची वेगळी संघटना झाली. तिच्या सभासदांनी धोक्याच्या जागा नेमक्या दाखवायला सुरुवात केली. 'रस्ते सुरक्षित करा' याला उत्तर मिळतं, 'बघू.' 'या चौकात इथे मुलं अडकतात' म्हटलं की अधिकाऱ्याला जागेवर यावं लागतं. पालकांची संघटना नुसती ओरडत राहिली नाही, आराखड्यांवर सल्लाही देऊ लागली. जिथे गाडीने चालणाऱ्याच्या वेगाने जायचं, अशा निवासी गल्ल्यांना १९७६ मध्ये कायद्यात जागा मिळाली.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. टिलबर्ग आणि हेग शहरांत आधी एकेकच झकास सायकलमार्ग बांधून पाहिला. लोक त्यावर आले, पण बरेचसे शेजारच्या रस्त्यांवरचेच. एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. डेल्फ्टमध्ये मात्र गावभर जोडलेलं जाळं केलं आणि सायकलचा वापर वाढला. अर्ध्यावर संपणारा मार्ग आईबाबांच्या काय कामाचा? मूल शाळेच्या फाटकापर्यंत पोचायला हवं ना!

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेत यायला सायकली मिळतात. 'डावीकडून चाल, वळताना हात दाखव' हे आपण शिकवतोच. पण सगळे नियम पाळणाऱ्या मुलीलाही भरधाव ट्रकशेजारून यावं लागत असेल, तर तिथे आपला धडा अपुरा पडतो.

त्यामुळे सहावी-सातवीच्या भूगोलात नकाशा शिकवताना एक उपक्रम घेऊन पाहा. प्रत्येक मुलाने घर ते शाळा वाट काढायची आणि जिथे भीती वाटते, जिथे सायकलवरून उतरून चालावं लागतं, तिथे लाल खूण करायची. सगळे नकाशे एकत्र ठेवले की त्याच त्या दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा दिसतील. तिथे सकाळी शाळा भरताना पालकांनी उभं राहून सायकली मोजायच्या. मग नकाशा, आकडे आणि एकच मागणी, म्हणजे गतिरोधक किंवा शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी, असा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात द्यायचा. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यायची.