कंगवा, कहरुबा आणि पेट्रोलची बाटली

नववीतल्या एका मुलाने परवा वर्गात तक्रार मांडली. अब्बांची मोटारसायकल रस्त्यात बंद पडली, म्हणून तो पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर गेला, तर तिथल्या माणसाने पेट्रोल द्यायला साफ नकार दिला. मुलाला वाटले, उगाच अडवणूक. आम्ही त्याच्या हातात कंगवा दिला.

कोरड्या केसांतून फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे घरोघरी ठाऊक आहे. उर्दूत तर हे ज्ञान एका शब्दातच आहे. ज्या पिवळ्या राळेपासून तसबीहचे मणी बनतात, तिला कहरुबा म्हणतात. फारसीत काह म्हणजे वाळलेल्या गवताची काडी आणि रुबा म्हणजे हिसकावून नेणारा. अरबीत विजेचे नावच त्यावरून पडले; आखातात नोकरी केलेल्यांनी ‘कहरबा’चे बिल भरलेच असेल! ही राळ निसर्गाने बनवलेले पॉलिमर, प्लॅस्टिक माणसाने बनवलेले.

दोन वस्तू एकमेकींना टेकून सुटल्या की विद्युतभाराची देवाणघेवाण होते. घासलेच पाहिजे असे नाही. घासल्याने स्पर्श वाढतो इतकेच. धातूवरचा भार वाट मिळताच वाहून जातो, प्लॅस्टिकवरचा जागेवरच अडकतो. एक पृष्ठभाग सगळा धन, दुसरा सगळा ऋण, असे आम्हीही वर्षानुवर्षे शिकवले. पण २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म पाहणी केली, तेव्हा प्रत्येक पृष्ठभागावर धन आणि ऋण असे दोन्ही ठिपके सापडले. शिवाय एका पृष्ठभागाचे बारीक अंश दुसऱ्यावर गेलेले! भार नेमके कोण नेते, इलेक्ट्रॉन, आयन की हे अंशच, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

पेट्रोल नळीतून वाहतानाही असाच भार गोळा करते. हातात धरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून त्याला जमिनीकडे जायला सहज वाट नसते. अशा वेळी ठिणगी पडू शकते, आणि बाटलीच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ असतेच. कोरड्या थंडीत धोका जास्त. दमट हवेत भार टिकत नाही. आमचा कंगव्याचा प्रयोगही जुलैत फसतो.

“मग न्यायचेच झाले तर?” मुलाने विचारले. पेट्रोलसाठीच बनवलेला डबा घ्यायचा, तो जमिनीवर ठेवायचा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलेच ठेवून सावकाश भरायचा. गाडीच्या सीटवर किंवा डिकीत ठेवून कधीच नाही.