काचेमागची शिल्लक

परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहिलो. ‘काका, पापणी हलवू नका हं,’ यंत्रावरची मुलगी म्हणाली. डोळ्याला कशाचा स्पर्शही झाला नाही आणि पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटली. एकाला एक बिलगलेली षटकोनी घरं. खाली आकडा : २,४६०.

पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची नजर चित्राआधी आकड्यावर जाते. ‘ही शिल्लक कसली?’ मी विचारलं. डॉक्टर हसले. ‘शिल्लकच आहे. एका चौरस मिलिमीटरमधल्या पेशींची.’

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक पटल. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ते मुख्यतः अश्रूंवाटे हवेतून घेतं. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. पाणी शोषून फुगणं हा पटलाचा स्वभाव. या पेशी रात्रंदिवस ते पाणी उपसत राहतात, म्हणून काच स्वच्छ. उपसा थांबला की पटल सुजतं, दुधाळ होतं.

पण जे आरपार दिसतं त्याचा फोटो काढायचा कसा? विहिरीत सरळ वाकून पाहिलं तर तळ दिसतो. तिरपं उभं राहिलं की पाणी चकाकतं आणि बारीक तरंगही दिसतात. युक्ती तीच. प्रकाश तिरपा टाकायचा. पटलाच्या आतल्या पृष्ठभागावरून त्याचा अगदी थोडा अंश परततो. त्या चकाकीत पेशींच्या कडा काळ्या रेघांसारख्या दिसतात. स्विस नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांनी ही नक्षी सुमारे १९२० साली पाहिली होती. १९६८ मध्ये डेव्हिड मॉरिस यांनी त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक मांडला, आणि १९७५च्या सुमारास जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या या पेशींचे फोटो निघू लागले. आता कॉन्फोकल नावाचं यंत्र पटलाचे सगळे थर, मज्जातंतूंसकट, एकामागून एक दाखवतं.

या खात्याची गंमत अशी की त्यात भरणा नाही. या पेशी डोळ्यात पुन्हा वाढत नाहीत. तरुणपणी चौरस मिलिमीटरला सुमारे तीन हजार. मग वर्षाला साधारण अर्धा-पाऊण टक्का घट. एक पेशी गेली की शेजारणी पाय पसरून तिची जागा भरून काढतात. चाळीत एक बिऱ्हाड उठलं की उरलेली सांभाळून घेतात, तसं. मात्र आकडा पाचशेच्या आसपास उतरला की सांभाळून घेणं जमत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही थोडी रक्कम खर्ची पडते. म्हणून आधी पासबुक बघायचं.

‘नेत्रपेढीतही असंच मोजतात,’ डॉक्टर सहज म्हणाले. ‘रोपणासाठी सहसा दोन हजारांच्या वर लागतात.’

मी गप्प झालो. २०११ साली आमची ही गेली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे मुलाने नेत्रपेढीला फोन केला होता. सहा तासांच्या आत यावं लागतं; ते दोघे पहाटे आले. तोवर सुनेने पंखा बंद करून मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला होता. पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. तिच्या डोळ्यांची काळजी मीही चष्म्याच्या नंबरापलीकडे कधी केली नव्हती. आणि कुठल्याशा खोलीत, कुणीतरी अनोळखी माणसाने तिच्या पेशींची अशीच जाळी पाहिली असेल, एकेक मोजली असेल.

घरी आल्यावर मी माझा नेत्रदानाचा अर्ज भरला. मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, कारण अर्ज कपाटात राहतो. फोन घरच्यांनीच करायचा असतो. वारसाचं नाव लिहायची जागा त्यात नव्हती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं खातं मी पहिल्यांदाच पाहिलं.