कच्च्या अंड्यांनी दम वाढतो का?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या आया मला हमखास विचारतात, "ताई, पोरगा पहाटे चार कच्ची अंडी गिळतो आणि पळायला जातो. चालेल ना?" हल्ली काही मुलं व्हिडिओ पाहून कच्ची कलेजी आणि न तापवलेलं दूधही घेतात. भाकरी-भात मात्र बंद!

अंडी खाऊ द्या, पण उकडून. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून पाहिलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. चार अंड्यांत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. कच्ची गिळली तर त्यातली निम्मी वाया. आपल्या घरात अंडी विकत आणावी लागतात, हे मुलांना सांगा.

आता दमाचं. मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००. जोरात पळताना स्नायू ग्लायकोजेन जाळतात, आणि त्याचा साठा भाकरी, भात, बटाटा, केळी यांतूनच भरतो. मांसातून तो जवळजवळ मिळत नाही. शरीर चरबीवरही चालतं, पण तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त लागतो. ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंना तीन आठवडे असं पिष्टमय पदार्थांविना ठेवलं. सराव तोच, तरी १० किलोमीटरची वेळ सुधारली नाही. नेहमीसारखं जेवणाऱ्यांची सुधारली.

मटणाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, ते काम करणारे पुष्कळ आहेत. कलेजीत लोह भरपूर असतं. रक्त कमी असलेल्या मुलीला लवकर धाप लागते, तिला आठवड्यातून एकदा कलेजी जरूर द्या. मात्र पूर्ण शिजवून. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला, कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस, अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी होऊ शकतो.

मी वॉर्डात असताना मैदानी चाचणीच्या आठवड्यात एक मुलगा जुलाब-उलट्यांनी भरती झाला होता. रोज कच्ची अंडी घ्यायचा. त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण दोन दिवस सलाईनवर गेले आणि चाचणीची तारीखही गेली. वर्षभर पहाटे उठला होता पोरगा.

पळायच्या तासभर आधी एक-दोन केळी द्या. परत आला की उकडलेली अंडी आणि भाकरी.