वाट चुकलेलीं तरुण मनें आणि लघुकथा

घरांतला एखादा मुलगा अभ्यासाला कंटाळला, उलट उत्तरें देऊं लागला, कीं 'वाया गेला' असा शिक्का त्याच्यावर बसतो. हा निकाल देण्यास एक क्षण पुरतो. तो फिरविण्यास मात्र कित्येकदां जन्म अपुरा पडतो. चांगली लघुकथा या निकालाची फेरतपासणी करिते. सातारा-सांगलीच्या भूमींतून आलेल्या दोन लेखकांच्या लेखनांत ती कशी होते, हें पाहण्यासारखें आहे.

कादंबरीला माणसाचीं वर्षें मोजतां येतात. लघुकथेला बहुधा एखादाच कसोटीचा प्रसंग मिळतो. म्हणून लघुकथेंतील स्वभावविकास हा रोपाचें झाड व्हावें तसा नसतो. घाव बसतांच दगडाची जात कळावी, तसा तो असतो.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचें जन्मगांव माडगूळ हें पूर्वीं औंध संस्थानांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत आहे. त्यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या संग्रहांतील 'झेल्या' हें शाळकरी पोराचें चित्र प्रसिद्ध आहे. गुरुजींची माया आणि पोराचा ओढाळ स्वभाव यांची तेथें गांठ पडते. पोर एकाएकीं शहाणें होत नाहीं. त्याच्याकडे पाहणारी वाचकाची दृष्टि मात्र हळूहळू निवळते. येथें खरी वाढ पात्राइतकीच वाचकाचीहि होते.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) हे वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेंतला भीमा हा वारणाकांठचा धट्टाकट्टा गडी मुंबईला येऊन दगडाच्या खाणींत राबतो. खाण बंद पडते. घरांत बायको आणि लहान मुलगी असते. चितेच्या राखेंत सोन्याचा कण सांपडतो आणि मढीं उकरणें हाच त्याचा धंदा होतो. शेवटीं प्रेताच्या दांतांत अडकलेलीं बोटें तो गमावतो आणि नेमकी तेव्हांच खाण पुन्हां सुरू झाल्याची वार्ता त्याला कळते. भुताला न भिणारा तो गडी लहान मुलासारखा रडतो.

या रडण्यांतच कथेचा आशय आहे. खाण एक दिवस आधीं सुरू झाली असती, तर ही निव्वळ साहसाची गोष्ट ठरली असती. चुकीला शासन झालें, एवढेंच येथें सांगावयाचें नाहीं. श्रम करूं इच्छिणाऱ्या हातांना काम नाकारलें, कीं ते हात कोठवर जातात, हें वाचकाला उमगतें. आशय हा कथेच्या अखेरीस चिकटविलेला उपदेश नव्हे. पात्राची निवड आणि तिचें फळ यांमधून तो आपोआप पाझरतो.

याच्याशीं माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही लहानशी कादंबरी ताडून पाहावी. धनगरांच्या वाडींत आलेला तरुण मास्तर संशय, स्नेह आणि दुष्काळ यांतून सावकाश जाणता होत जातो. तेवढी सवड लघुकथेला नसते.

म्हणून अशी कथा वाचतांना पोर सुधारलें कीं नाहीं, एवढेंच विचारूं नये. त्यानें काय निवडलें, त्याच्यापुढें दुसरी कोणती वाट मोकळी होती, आणि ती कोणीं बंद केली, हेंहि विचारावें. पुस्तक मिटल्यावर हेच प्रश्न आपल्या घरांतल्या मुलाविषयीं मनांत आले, तर 'वाया गेला' हे शब्द उच्चारण्यापूर्वीं जीभ थोडी अडखळेल. आणि तें अडखळणें मुलाच्या हिताचेंच ठरेल.