संरक्षण-संशोधन, लघुउद्योगांतील

संरक्षण-संशोधन, लघुउद्योगांतील : नव्या संरक्षण-तंत्रविद्येसंबंधी लहान उद्योगसंस्थांनी शासकीय अर्थसाहाय्याने केलेले संशोधन व विकासकार्य. या व्यवस्थेत शासन हे एकाच वेळी अर्थपुरवठादार, परीक्षक आणि बहुधा एकमेव ग्राहक असते. तोफा, रणगाडे, लढाऊ विमाने यांची निर्मिती मोठ्या भांडवलाशिवाय होत नाही. परंतु संवेदक, वैमानिकरहित लहान विमाने, संदेशवहनाची साधने, सुरुंगशोधक यांसारख्या उपकरणांत थोड्या तज्ञांची लहान संस्थाही मौलिक भर घालू शकते. संशोधन अयशस्वी झाल्यास होणारा तोटा मात्र अशा संस्थेला पेलत नाही. तो धोका काही अंशी शासनाने पत्करावा, हे या व्यवस्थेमागील मूळ तत्त्व होय.

स्वरूप व पूर्वपीठिका : या पद्धतीला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८२ च्या कायद्याने निश्चित रूप मिळाले. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्याचा ठराविक हिस्सा लघुउद्योगांसाठी राखून ठेवावा, असे त्या कायद्याने ठरविले. कामाचे तीन टप्पे असतात : पहिल्यात कल्पनेची शक्याशक्यता पडताळतात, दुसऱ्यात आद्यनमुना तयार करतात आणि तिसऱ्यात त्याचे उत्पादन व विक्री होते. तिसऱ्या टप्प्यासाठी या राखीव निधीतून पैसा मिळत नाही. आद्यनमुना यशस्वी होऊनही मागणीअभावी उद्योग बंद पडण्याचा धोका येथेच सर्वाधिक असतो.

भारतात संरक्षण-संशोधन दीर्घकाळ शासकीय प्रयोगशाळांपुरते, तर उत्पादन आयुध निर्माणी व सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने यांच्यापुरते मर्यादित होते. लघुउद्योगांकडे मुख्यतः सुट्या भागांचा पुरवठा असे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा तंत्रविद्या विकास निधी सुरू झाल्यावर या स्थितीत बदल होऊ लागला. या निधीतून प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्याची कमाल मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी रुपये करण्यात आली. एप्रिल २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ ही योजना जाहीर झाली. तीत सेनादले आपल्या अडचणी आव्हानांच्या स्वरूपात प्रसिद्ध करतात व निवडलेल्या नवोद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तेवढाच वाटा उद्योगाने उचलावयाचा असतो. पुढे ‘आयडेक्स प्राइम’ योजनेत ही मर्यादा १० कोटी रुपये व २०२४ मधील ‘अदिती’ योजनेत २५ कोटी रुपये झाली. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण-संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम उद्योग, नवोद्योग व शिक्षणसंस्था यांना खुली करण्यात आली.

महाराष्ट्रातील उदाहरणे : मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली ‘आयडियाफोर्ज’ ही संस्था या वाटचालीचे ठळक उदाहरण आहे. तिला आरंभी त्या संस्थेच्या उद्योजकता केंद्राचा आधार मिळाला. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या सहकार्याने तिने ‘नेत्र’ हे चार पंख्यांचे, वैमानिकरहित टेहळणी विमान विकसित केले. २०२१ च्या आरंभी तिच्या ‘स्विच’ या विमानासाठी भूसेनेने मागणी नोंदविली. संस्थेच्या स्थापनेपासून या मागणीपर्यंत सुमारे चौदा वर्षे गेली, यावरून लघुउद्योगाला किती काळ तग धरावा लागतो याची कल्पना येते.

नागपूर येथील ‘इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज’चा मार्ग वेगळा आहे. खाणींसाठी स्फोटके बनविणाऱ्या उद्योगसमूहातील या संस्थेने शासकीय प्रयोगशाळेत विकसित झालेल्या बहुविध वापराच्या हातगोळ्याची तंत्रविद्या घेऊन उत्पादन केले. त्यांचा पुरवठा २०२१ मध्ये सुरू झाला. येथे संशोधन शासनाचे व उत्पादन खाजगी संस्थेचे आहे. हे तंत्रविद्येचे हस्तांतरण असून ते लघुउद्योगांतील संशोधनाहून भिन्न मानावे लागते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे : चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे चांदा आयुध निर्माणी आहे. दारूगोळ्यात स्फोटक भरणे हे तिचे प्रमुख कार्य होय. ऑक्टोबर २०२१ पासून ती ‘म्युनिशन्स इंडिया’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या शासकीय कंपनीकडे आहे [⟶ दारूगोळा]. जिल्ह्यातील लघुउद्योग मात्र प्रामुख्याने कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र व सिमेंट कारखाने यांच्या कामांवर अवलंबून आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भातगिरण्या व वनोपजावरील व्यवसाय मुख्य आहेत. त्यामुळे या भागाचे महत्त्व संशोधनकेंद्र म्हणून नसून गरजेचे व कसोटीचे क्षेत्र म्हणून आहे.

गडचिरोलीचा बहुतांश भूभाग वनाच्छादित असून तेथे अनेक दशके नक्षलवादी चळवळीचा उपद्रव होता. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. रस्त्याखाली पुरलेले स्फोटक आधी ओळखता येणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. मात्र प्रयोगशाळेत उत्तम ठरलेले उपकरण अरण्यात तसेच चालेल असे नसते. प्लॅस्टिकच्या डब्यात अथवा मातीच्या भांड्यात ठेवलेल्या सुरुंगात धातू अत्यल्प असतो. त्यासाठी शोधकाची संवेदनशीलता वाढविल्यास सुरजागड परिसरासारख्या लोहखनिजयुक्त भूमीत त्याचे खोटे इशारे वाढू शकतात. भूवेधी रडार धातूवर अवलंबून नसते, परंतु ओल्या चिकण मातीत त्याचे तरंग लवकर क्षीण होतात. म्हणजे पावसाळ्यात त्याचा उपयोग घटतो.

टेहळणीचीही अशीच अडचण आहे. साग, बांबू व मिश्र पानझडी वृक्षांच्या छत्रामुळे पावसाळ्यात व त्यानंतर विमानातील कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही. पानगळीनंतर ती दिसू लागते. तापलेल्या खडकांमुळे उन्हाळ्यात मनुष्यदेह व पार्श्वभूमी यांच्या तापमानांतील फरक कमी होतो, म्हणून अवरक्त कॅमेराही दिवसा निष्प्रभ ठरतो. कमी कंप्रतेचे रेडिओ तरंग पानांतून अधिक चांगले पार जातात, पण त्यांना मोठी आकाशिका लागते व ती लहान विमानाला पेलत नाही. चंद्रपूरच्या ४५° से. पेक्षा अधिक उष्णतेत विद्युत् घटांचे आयुष्य घटते आणि इलेक्ट्रॉनीय मंडलांवर ताण येतो. अशा प्रश्नांची उत्तरे स्थानिक माती, ऋतू व वनस्पती यांच्या ज्ञानाशिवाय मिळत नाहीत. १९९० च्या सुमारास उभारलेल्या ‘सी-६०’ या पोलीस पथकात स्थानिक तरुणांची भरती करण्यामागेही हीच जाणीव होती.

मर्यादा व भवितव्य : या व्यवस्थेतील प्रमुख उणीव अनुदानाची नसून खरेदीची आहे. चाचण्या लांबणे, गरजेचे तपशील मधेच बदलणे व देयके उशिरा मिळणे यांचा फटका मोठ्या उद्योगापेक्षा लहान उद्योगाला अधिक बसतो. दुसरा प्रश्न गरजच ओसरण्याचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. संघर्ष निवळणे हे सर्वथा इष्टच होय. परंतु केवळ त्याच्यासाठी घडविलेल्या उपकरणाला मग ग्राहक उरत नाही. यामुळे दुहेरी उपयोगाच्या संशोधनाला महत्त्व येते. झाडीत टेहळणी करणारे विमान वणव्याची वर्दी देऊ शकते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तेच विमान औषधे पोहोचविण्यास उपयोगी पडू शकते; जमिनीतील कंपने टिपणाऱ्या संवेदकाचा उपयोग गावाकडे येणाऱ्या हत्तींची सूचना देण्यासाठी करता येतो. सैनिकी गरजेतून निघालेली तंत्रविद्या अशा रीतीने अरण्यातील रहिवाशांच्याही उपयोगी पडली, तर तिच्यावरील सार्वजनिक खर्चाचे सार्थक होते आणि लघुउद्योगालाही एका ग्राहकावर विसंबून राहावे लागत नाही.